वार आणि मुहूर्त

वार म्हणजे केवळ अन्न व प्राणवायू पोहोचविणारी सोय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः अर्धा किलो वजनाचा हा अवयव माता व बालक यांचे रक्त एकमेकांत मिसळू न देता आईची आयजीजी प्रतिपिंडे निवडून बाळाकडे धाडतो, आणि त्यांतील मोठा वाटा अखेरच्या चार आठवड्यांत जातो. २०१५ साली भारतात नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाले, त्यात गर्भवतींच्या लसीने वारेवाटे दिलेल्या या कवचाचा वाटा मोठा होता. असे असता, वैद्यकीय कारण नसताना, पत्रिकेतील ग्रह साधण्यासाठी ३७व्या आठवड्यात सिझेरियनचा आग्रह धरणे मला अक्षम्य वाटते. ३९ आठवडे भरेपर्यंत अशा मुहूर्तांना आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बंधुभगिनींनी स्पष्ट नकार द्यावा. (धाप लागलेले बाळ ग्रहांकडे जात नाही, आमच्याकडे येते.)