पाखराला न उडवता

वन्य प्राण्यांची आणि पक्ष्यांची छायाचित्रे तुम्ही वर्तमानपत्रांत, दिनदर्शिकांवर आणि मोबाइलवर नेहमी पाहता. काही चित्रे आपण पाहतो आणि विसरतो. काही मात्र मनात घर करून राहतात. असे का होते? पुष्कळांना वाटते, की कॅमेरा महाग असला आणि प्राणी अगदी जवळून दिसला, की चित्र उत्तम झाले. मला हे पटत नाही. ज्या चित्रात प्राणी आपल्या जागी, आपल्या कामात आणि निर्धास्त दिसतो, तेच चित्र उत्तम, असे माझे मत आहे.

उदाहरण आपल्या निफाड तालुक्यातलेच घेऊ. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, दलदल झाली, पाणवनस्पती वाढल्या. पक्ष्यांना अन्न आणि आसरा मिळाला. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या शहरी एक करार झाला होता. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून नांदूर मधमेश्वरचे नाव २०२० साली जाहीर झाले. हिवाळ्यात दूरदूरच्या देशांतून येथे पक्षी येतात. त्यांच्यामागोमाग कॅमेरेवालेही येतात.

येथे चमच्या नावाचा पांढरा पक्षी दिसतो. तो नुसता उभा असेल, तर चित्र साधेच होते. पण तो चोच पाण्यात घालून डावीउजवीकडे फिरवू लागला, की ती चोच चमच्यासारखी का आहे, ते चित्र पाहणाऱ्याला समजते. असा क्षण टिपायचा, तर पक्ष्याच्या सवयी ठाऊक हव्यात. सकाळचे कोवळे ऊन हवे. दुपारच्या कडक उन्हात पांढरी पिसे नुसती चकाकतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सबुरी हवी. उर्दूतल्या ‘सब्र’ या शब्दाचा नातलग मराठीत ‘सबुरी’ होऊन राहिला आहे. त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे.

ही सबुरी नसली, की माणूस आडवाट धरतो. थवा उडताना टिपता यावा, म्हणून कोणी टाळ्या पिटतो, कोणी खडा भिरकावतो. घरटे नीट दिसावे, म्हणून कोणी फांदी बाजूला करतो. मग पिलांना ऊन लागते आणि कावळ्याला घरटे सापडते. ‘एवढ्याने काय बिघडते? पाखरे पुन्हा बसतात की!’ असे काही जण म्हणतात. पण हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक वेळी उडताना त्याची शक्ती खर्च होते आणि चरण्याचा वेळ जातो. आपल्या एका चित्राची किंमत तो भरतो.

चित्रात खरेपणाही हवा. लंडनच्या एका प्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. पण तो लांडगा रानातला नसून माणसाळलेला असावा, असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले. तरी २०१० साली बक्षीस काढून घेण्यात आले. चित्र तेच होते, देखणेही तेवढेच होते. फक्त त्यावरचा विश्वास गेला होता.

त्याच स्पर्धेत २०१६ साली नयन खानोलकर यांच्या चित्राला शहरी विभागाचे बक्षीस मिळाले. मुंबईतल्या एका वारली वस्तीच्या गल्लीतून रात्री बिबट्या चालला आहे, एवढेच त्या चित्रात आहे. त्यांनी कॅमेरा गल्लीत लावून ठेवला आणि सुमारे चार महिने वाट पाहिली. बिबट्याने सगळे चित्र व्यापू नये, अशीच त्यांनी मांडणी केली होती. म्हणून त्यात बिबट्याबरोबर माणसांची घरेही दिसतात. दोघे शेजारी राहतात, हे चित्र पाहताच कळते.

आपल्याकडेही उसात बिबटे राहतात. बिबट्या दिसला, की मोबाइल घेऊन गर्दी धावते. घेरलेला प्राणी भिऊन अंगावर येतो आणि माणूस व बिबट्या दोघांचाही जीव धोक्यात येतो. तेथे चित्र काढण्याचा मोह आवरणे हेच शहाणपण आहे.

तुमच्याजवळ साधा मोबाइल असेल, तर मन छोटे करू नका. पक्षी लहान दिसला, तरी चालेल. त्याच्याभोवतीचे पाणी, गवत, पलीकडचे शेत चित्रात येऊ द्या. खाली पक्ष्याचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी तेथून निघालो, तेव्हा तो पक्षी तेथेच चरत होता ना? उत्तर ‘होय’ असेल, तर तुमचे चित्र चांगल्या चित्रांत बसेल.