हे धन आले कोठून?

चोर म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे रात्री भिंत फोडणारा मनुष्य उभा राहतो. असला चोर सापडला तर सारा गाव काठ्या घेऊन धावतो. पण दुसरा एक चोर आहे, तो दिवसाढवळ्या मोटारीतून हिंडतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठी वर्गणी देतो, लग्नाच्या मांडवात पहिल्या खुर्चीवर बसतो, आणि त्याला रामराम घालावयास आपणच पुढे धावतो. त्याच्या हाताला ना माती, ना भात्याचा कोळसा, ना मागाचा धोटा. तरी दरसाल त्याच्या घराचा मजला चढतो. हे धन आले कोठून, असे त्याला विचारतो कोण? हा साधा प्रश्न विचारल्यापायी एका बाईचा प्राण गेला, आणि पुढे त्याच प्रश्नाचा त्या देशात कायदा झाला. ती हकिकत आपल्या घरोघरी वाचली जावी, म्हणून हे लिहीत आहे.

ही बाई आयर्लंड देशाची. तो देशही एके काळी आपल्यासारखाच खंड भरून पिचलेल्या कुळांचा होता. 1845 साली तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला व पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथींनी मेली. पुढे 1922 साली देशाच्या मोठ्या भागात स्वराज्य आले. परंतु स्वराज्य आले म्हणजे लुटारू आपोआप नाहीसे होतात, असे थोडेच आहे? 1980 च्या सुमारास डब्लिन शहराच्या मजूरवस्त्यांत हेरॉईन, म्हणजे आपण ज्याला गर्द म्हणतो ते विष शिरले. पोरे गेली ती गरिबांची. आणि नशेच्या मालावर पैसा करणारे टोळीवाले मात्र बंगले बांधीत होते.

व्हेरॉनिका गेरिन या बाई त्याच डब्लिनच्या. वडिलांची हिशेबनिसाची पेढी होती, तेथे त्यांनी जमाखर्चाचे काम केले. वर्तमानपत्रात त्या आल्या 1990 च्या सुमारास, म्हणजे तिशी उलटल्यावर. 1994 पासून ‘संडे इंडिपेंडंट’ या साप्ताहिकात त्या टोळीवाल्यांविषयी लिहू लागल्या. कीर्द-खतावणीत मुरलेली नजर त्यांनी चोरांच्या दौलतीकडे वळविली. अमक्याचा धंदा कोणता, जमीन किती, घोडे किती, आणि उत्पन्न दाखविले किती? तेथील अब्रुनुकसानीचा कायदा इतका कडक की, चोराचे नाव छापण्याची सोय नव्हती. म्हणून ‘पेंग्विन’, ‘कोच’ अशा टोपणनावांनी ते लेख येत. वाचणारे काय ते ओळखीत.

टोळीवालेही ओळखीत होतेच. 1994 च्या ऑक्टोबरात बाईंच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. 1995 च्या जानेवारीत एक मनुष्य दाराशी आला व त्याने त्यांच्या मांडीत गोळी घातली. पोलिसांचा पहारा मिळाला. पण पहारेकरी पाठीशी असला तर माहिती सांगणारा तोंड उघडीत नाही, म्हणून तो त्यांनी नको म्हटला. त्याच सालच्या सप्टेंबरात जॉन गिलिगन नावाच्या इसमाच्या घोड्यांच्या मोठ्या आवारात जाऊन त्यांनी त्याला तोंडावर विचारले, हा सारा पैसा आला कोठून? त्याने त्यांना मारहाण केली, आणि काही छापाल तर तुमच्या पोराचे हाल करीन अशी धमकी दिली. 26 जून 1996 रोजी दुपारी डब्लिनकडे येणाऱ्या रस्त्यावर त्यांची मोटार तांबड्या दिव्यापाशी उभी असता मोटारसायकलवरून दोघे आले व त्यांनी बाईंना गोळ्या घालून ठार केले. वयाची अडतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मारहाणीचा खटलाही त्यांच्याबरोबरच संपला, कारण फिर्यादी त्याच आणि साक्षीदारही त्याच.

पुढे काय झाले ते नीट ध्यानात घ्यावे. ब्रायन मीहन याला 1999 साली खुनाबद्दल जन्मठेप झाली. गिलिगनवर खुनाचा आरोप शाबीत झाला नाही, 2001 साली तो त्यातून सुटला. चरस आणण्याच्या गुन्ह्यात मात्र त्याला 28 वर्षांची सजा झाली, ती पुढे 20 वर्षांवर आली. म्हणजे खुनाचा पुरावा जेथे लंगडा पडला, तेथे धंद्याच्या पुराव्याने काम केले.

खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. बाईंच्या मरणानंतर डब्लिनचे लोक रस्त्यावर आले, आणि त्याच 1996 साली, चार-पाच महिन्यांच्या आत, गुन्ह्याच्या पैशातून झालेली मालमत्ता अडकवून ठेवण्याचा कायदा तेथील विधिमंडळाने केला. पोलीस, करवसुलीचे अंमलदार, जकातवाले व सरकारी मदत वाटणारे खाते यांची माणसे एका कचेरीत बसविली. मालमत्ता गुन्ह्यातून आली हे सरकारने न्यायाधीशाला पटविले, की ती धरली जाते. त्यासाठी मालकाला आधी तुरुंगात धाडावे लागत नाही. असले हत्यार दुधारी आहे, वाईट सरकारच्या हाती ते गरिबावरही चालेल, हे खरे. म्हणूनच तेथे मालकाला न्यायालयात आपले म्हणणे मांडता येते, आणि मूळ कायद्यात मालमत्ता कायमची सरकारजमा करण्यापूर्वी बहुधा सात वर्षे थांबावे लागे.

कोणी म्हणतील, लहान मुलाच्या आईने असल्या फंदात पडावयास नको होते. मी म्हणतो, जी कचेरी बाईंच्या मरणानंतर चार महिन्यांत उभी राहिली, ती चार वर्षे आधी का उभी राहिली नाही? सरकारने विचारावयाचा प्रश्न एकट्या बाईला विचारावा लागला, हा दोष बाईचा की सरकारचा?

आपल्याकडेही हे घडले आहे. 2010 साली तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे गैरव्यवहार कागदपत्रांनिशी उजेडात आणणारे सतीश शेट्टी मारले गेले. 2011 साली पवईत टोळ्यांविषयी लिहिणारे ज्योतिर्मय डे यांना मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. त्या खुनाबद्दल 2018 साली छोटा राजन व इतर कित्येकांस जन्मठेप झाली. आपण दोन दिवस हळहळलो, तसबिरींना हार घातले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मोटारवाल्यांना रामराम घातला!

बंधुभगिनींनो, एकट्याने विचारलेला प्रश्न गोळीने बंद करता येतो. साऱ्या गावाने विचारलेला करता येत नाही. 1875 साली सुप्याच्या कुणब्यांनी सावकाराचे रोखे जाळले. फास कागदात आहे हे त्यांनी बरोबर हेरले होते. पण बहुतेकांना तो कागद वाचता येत नव्हता, म्हणून जाळावा लागला. आज आपल्या मुलांना तो वाचता येतो. 2005 सालच्या माहितीच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर ग्रामपंचायतीच्या कामाचा हिशेब मागता येतो. तेव्हा अर्ज एकाच्या नावाने जाऊ देऊ नका. वीस घरांतून वीस अर्ज जाऊ द्या, म्हणजे धाक घालणाऱ्याला धाक घालावा कोणाला हेच कळणार नाही. ग्रामसभेत मस्टर व ताळेबंद मोठ्याने वाचून घ्या. सोसायटीचा जमाखर्च सातवी-आठवीतल्या पोरीकडून तपासून घ्या. बेरीज-वजाबाकीला जात नसते आणि भीतीही नसते. आणि ज्याच्या दौलतीचा उगम कळत नाही, त्याची वर्गणी देवळालाही नको, शाळेलाही नको.

गेरिनबाईंचे स्मारक करावयाचे तर दगडाचे नको. त्यांचा प्रश्न आपल्या गावात मोठ्याने विचारावा, एवढे पुरे.