एका मुलामागें पन्नास पौंड

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त लंडनास असतो. सूनबाईंना व चार वर्षांच्या नातीला तिकडे नेण्यासाठीं त्यानें अर्ज केला, आणि त्याचा सगळा हिशेब मला लिहून कळविला. व्हिसाची फी निराळी. तिच्यावर आरोग्यखात्याचा अधिभार म्हणून मुलामागें वर्षाला ७७६ पौंड (हा दर फेब्रुवारी २०२४ पासूनचा), आणि तोही पांच वर्षांचा एकदम. म्हणजे एकट्या नातीचेच ३,८८० पौंड झाले! खालीं त्यानें लिहिलें आहे, “काका, पोरीपेक्षां तिचे कागदच महाग पडले.”

मीं उत्तर धाडलें कीं, बाबा, तूं पोटापाण्यासाठीं गेलास. फी परवडली नाहीं तर परत यावयास तुला घर आहे. उत्तर जरा कडक झालें, हें सूनबाईंच्या बोलण्यावरून मागाहून कळलें. परंतु तें लिहीत असतां, ज्या मुलांना परत जावयास घरच उरलें नव्हतें त्यांचा एक जुना हिशेब माझ्या मनांत घोळत होता. वाचकांपुढें आज तोच मांडावयाचा आहे.

१९३८ च्या नोव्हेंबरांत, ९ तारखेच्या रात्रीं, जर्मनींत व ऑस्ट्रियांत यहुदी लोकांचीं प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं, दुकानें फुटलीं, आणि हजारों पुरुष छावण्यांत कोंडले गेले. बारा दिवसांनीं ब्रिटिश पार्लमेंटांत चर्चा झाली, व मुलांना देशांत घेण्याचें सरकारनें कबूल केलें. नेहमींचे पासपोर्ट-व्हिसाचे सोपस्कार माफ झाले. २ डिसेंबर रोजीं हार्विच बंदरांत पहिलीं मुलें उतरलीं, आणि १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटेपर्यंत जवळजवळ दहा हजार मुलें अशीं आलीं. अमेरिकेंत वीस हजार मुलांना घेण्याचें विधेयक त्याच वर्षीं कमिटींतच जिरलें, हें लक्षांत घेतां ब्रिटनचें हें करणें लहान नव्हे.

पण अटी होत्या. वय सतराच्या आंत असावें. आईबाप बरोबर येऊं नयेत. मुलाचा भार सरकारी खजिन्यावर पडूं नये. आणि पुढें त्याला दुसऱ्या देशीं रवाना करण्याच्या खर्चाची हमी म्हणून एका मुलामागें पन्नास पौंड कोणीतरी ठेवावेत. तेथील सामान्य कामकऱ्याची ती कित्येक आठवड्यांची मजुरी होती.

निकोलस विंटन हा लंडनच्या शेअरबाजारांतला एकोणतीस वर्षांचा तरुण. प्रागमध्यें अडकलेल्या मुलांसाठीं यानें व याच्या स्नेह्यांनीं घरें शोधलीं, हमीदार शोधले, आणि ६६९ मुलें आणलीं. १ सप्टेंबर १९३९ रोजीं सुटावयाची गाडी मात्र सुटली नाहीं. तींत अडीचशें मुलें जावयाचीं होतीं.

सरकारची बाजू मला कळत नाहीं असें नाहीं. बेकारी होती, लोकांची कुरकुर होती, दारें सताड उघडण्याची भीति होती. तथापि मुलाजवळ पैसे कधींच नसतात. मोठ्या माणसाकडे फी मागितली म्हणजे त्याची ऐपत विचारली असें होतें, मुलामागें फी मागितली म्हणजे “तुझें कोणी आहे काय?” असें त्याला विचारल्यासारखें होतें. आणि ज्याचें कोणी नाहीं, त्याच्याचसाठीं तर हा सारा खटाटोप!

विंटनच्या एका गाडींत आल्फ्रेड डब्स नांवाचा सहा वर्षांचा मुलगा होता. तो पुढें लॉर्ड झाला, व युरोपांत एकट्या पडलेल्या तीन हजार निर्वासित मुलांना घ्यावें, असा आग्रह त्यानें २०१६ सालीं धरला. सरकारनें कलम मान्य केलें, आंकडा मान्य केला नाहीं. पुढें तो ३५० ठरला, मग ४८०, आणि २०२० सालीं तितकीं मुलें आल्यावर योजना संपली. आश्रयाच्या अर्जाला तेथें फी पडत नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. मात्र अशा एकट्या मुलाला आश्रय मिळाल्यावर आपल्या आईबापांस बोलावून घेण्याचा हक्क तेथील कुटुंब-पुनर्मीलनाच्या नियमांनीं दिलेला नव्हता. १९३८ ची अट निराळ्या वेषांत उभीच राहिली.

जीं मुलें तेथेंच जन्मलीं वा वाढलीं, त्यांना नागरिकत्वाची नोंद करण्यास २०१९ सालीं १,०१२ पौंड पडत. सरकारचा स्वतःचा खर्च ३७२ पौंडांचा. हा प्रकार न्यायालयांत गेला. मुलांच्या हिताचा विचार झाला नाहीं, असें हायकोर्टानें त्या वर्षींच्या डिसेंबरांत म्हटलें. परंतु पार्लमेंटानें अशी फी घेण्याची मुभा दिली असल्यामुळें ती कायदेशीर आहे, असें २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. त्याच वर्षीं, ऐपत नसलेल्या मुलांनीं अर्ज केल्यास फी माफ व्हावी, अशी सोय सरकारनें केली.

ही फीमाफी वाचली आणि मी थबकलों. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, परीक्षेची फी न भरलेल्या मुलांना वर्गांत उभें करून त्यांचीं नांवें वाचण्याचें काम माझ्याकडे असे. त्यांत आईबाप दोन्ही गेलेला एक मुलगा होता. एका दुकानीं कामाला राहून तो शिके. फीमाफीचा छापील अर्ज मीं त्याला दिला, आणि पालकांची सही घेऊन ये असें दोनदां सांगितलें. तिसऱ्या वेळीं तो म्हणाला, “गुरुजी, सही कोण करणार?” मीं त्याला खालीं बसविलें व पुढचें नांव वाचलें. पालकाच्या जागीं मी सही केली तर चालेल काय, हें मुख्याध्यापकांना विचारावयास मी बुधवारीं गेलों. तो मुलगा सोमवारपासून येत नव्हता.