मध्यरात्री आपोआप चालणारा पंप

रामघाटालगत राहणाऱ्या एका वाचक भगिनी विचारतात, की सारे नळ बंद असताना शॉवरचा पंप मध्यरात्री आपोआप का सुरू होतो? मिस्त्रीने नवा पंप सुचविला असला, तरी घाई करू नये. नळीतील दाब उतरला की हा पंप चालू होतो; म्हणजे पाणी कोठेतरी झिरपत असावे. (क्षिप्रेत २०१४ पासून नर्मदेचे पाणीही पंपानेच चढवून आणावे लागते, तेव्हा ही गळती क्षुल्लक मानू नये.)

दिवसा, समोर उभे राहून, पंपापुढील व्हॉल्व्ह अर्धा तास बंद ठेवावा. पंप शांत राहिला, तर गळती घरातच आहे. प्रथम शौचालयाची टाकी पाहावी. तीत खाण्याचा रंग घालावा. न वापरता तासाभरात रंग भांड्यात उतरला, की चोर सापडला! त्यानंतर शॉवर, गीझर व इतर नळ तपासावेत.

व्हॉल्व्ह बंद असूनही पंप सुरू झाला, तर पाणी मागे टाकीकडे परतत असेल, किंवा क्षार साचून दाबाचा स्विच अडकला असेल. परतीची झडप साफ करून पाहावी. नच जमले तर तेवढीच बदलावी. स्विचचे काम मात्र वायरमनकडे सोपवावे, आणि मेन बंद केल्यावाचून झाकणास हात लावू नये.