काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये

घर उबदार कसें ठेवावें, यावर थंड देशांत पुष्कळ लिहिलें जातें. फटी बुजवा, दारें घट्ट लावा, आंतील ऊब बाहेर जाऊं देऊं नका, असा तेथील उपदेश असतो; आणि तेथें तो रास्तहि आहे. परंतु ठाणें, कल्याण, डोंबिवली या आपल्या खाडीकांठच्या गांवांत थंडी ही पौष-माघांतील चार दिवसांची पाहुणी. एरव्हीं आपणांस झगडावें लागतें तें उकाड्याशीं आणि दमटपणाशीं. विजेचें बिल हातीं पडलें कीं घरोघर कपाळाला आठ्या पडतात, आणि जो तो काटकसरीचा उपदेश करूं लागतो. काटकसर हवी, यांत शंका नाहीं. पण ती कोठें करावी आणि कोठें करूं नये, हा विवेक आपल्याकडे फारसा होत नाहीं; आणि तो न झाल्यास प्रसंग जिवावर बेततो. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम कोठें करूं नये तें सांगतों. विजेपेक्षां गॅस स्वस्त पडतो म्हणून कित्येक घरीं न्हाणीघरांत गॅस गीझर बसवितात. हिंवाळ्यांतील सकाळीं गारवा आंत येऊं नये म्हणून खिडकी लावून घेतली जाते. कोंडलेल्या त्या जागेंत ज्योत प्राणवायु संपवीत जाते; तो अपुरा पडला कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. काय होत आहे हें कळण्यापूर्वींच मनुष्य बेशुद्ध पडतो, आणि आंतून कडी असल्यामुळें मदतहि वेळेवर पोंचत नाहीं. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणारांवर जें संकट येतें, तेंच हें. म्हणून असला गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत असावा, आणि न्हाणीघराची खिडकी उघडी असावी. थोडा गारवा सोसवेल. गेलेला श्वास परत येत नाहीं.

दुसरी खोटी काटकसर तारांची. घर घेतांना लाखों रुपये मोजणारे आपण वायरमनशीं मात्र अर्थिंगच्या खर्चावरून घासाघीस करतों. फळीवरील एम.सी.बी. तारेंतून भलताच प्रवाह वाहूं लागल्यास तो तोडते. ती तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. माणसाच्या अंगांतून प्रवाह जाऊं लागतांच क्षणार्धांत तो तोडणारें उपकरण वेगळें असतें. त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात, आणि घरासाठीं तें ३० मिलिअँपिअरचें घ्यावें. त्यावर चांचणीचें एक बटण असतें. तें अधूनमधून दाबून पाहावें. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापुरांतील घरांत शिरलें, हें मोठ्या माणसांना आठवत असेल. अशा मुलुखांत हें उपकरण म्हणजे चैन नव्हे. पाणी घरांत येऊं लागल्यास, पायांखालीं कोरडें आहे तोंवरच मुख्य स्विच बंद करावा. तसेंच स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यानें जमिनीलगत सांचतो. त्याचा वास आल्यास विजेच्या कोणत्याहि बटणास हात न लावतां रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या, आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

आतां काटकसर कोठें करावी तें पाहूं. विजेचा दर सरसकट एक नसतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकांस पहिलीं १०० युनिटें सर्वांत स्वस्त पडतात. १०१ ते ३०० ची पायरी त्याहून महाग, ३०१ ते ५०० ची आणखी महाग, आणि ५०० च्या पुढें सर्वांत महाग. म्हणजे आपण वाचवितों तें युनिट नेहमीं सर्वांत वरच्या पायरीचें असतें. छताचा जुना पंखा सुमारें ७५ वॅट घेतो, बी.एल.डी.सी. जातीचा नवा पंखा सुमारें ३० वॅटमध्यें बहुतेक तितकाच वारा देतो. रोज दहा तास चालल्यास महिन्याला पहिल्याला साडेबावीस युनिटें लागतात, दुसऱ्याला नऊ. तीन पंख्यांमागें चाळीस युनिटें वांचलीं! शिवाय पंखा हवा थंड करीत नाहीं. तो अंगावरचा घाम सुकवितो. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा कोणाचेंच भलें करीत नाहीं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेंत सुख देणारा कूलर आपल्या दमट हवेंत फारसा चालत नाहीं. त्यापेक्षां गच्चीवर पांढरा रंग आणि समोरासमोर उघड्या खिडक्या बऱ्या. वातानुकूलन यंत्र असलेंच तर १८ ऐवजीं २४ अंशांवर ठेवावें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. आपल्या घरांत काटकसरीचा भार बहुधा आईवर पडतो. स्वयंपाकघरांत ती घामानें न्हात असते, तेथें पंखा नसतो. आणि दिवाणखान्यांत कोणी नसतां दोन पंखे चालू असतात. याला काटकसर म्हणत नाहींत, अन्याय म्हणतात. ज्याचे श्रम अधिक, त्याला वारा प्रथम, हा नियम प्रत्येक घरांत असावा.

ठाकुर्लीस एके काळीं रेल्वेचें कोळशावर चालणारें वीजघर होतें. तें बंद पडून पुष्कळ वर्षें झालीं. आज तो धूर चंद्रपूर-कोराडीकडे निघतो, आणि आपणांस दिसत नाहीं एवढेंच. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक वही करा. रोज रात्रीं व सकाळीं मीटरचा आंकडा लिहा. एकदां घरांतील सर्व बटणें बंद करून मीटरवरचा लहान दिवा लुकलुकतो का तें पाहा. तरीहि तो लुकलुकत असेल, तर कोठें तरी वीज वाहत आहे, तेव्हां वडिलांना सांगून जाणत्या वायरमनला बोलवा.

पांच हजारांना तृप्त करून झाल्यावर प्रभु येशूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे वेंचविले, ही कथा शाळेंत आपण ऐकली आहे. मात्र ते तुकडे त्यानें सर्वांचें जेवण झाल्यावर वेंचविले. कोणाच्या पानांतून घांस काढून नव्हे. घरांतील काटकसरहि अशीच असावी. उरलें तें वांचवावें. पण कोणाचा वारा, कोणाचा श्वास, कोणाचा जीव यांत वांटेकरी होऊं नये.