समास कापू नका

मुलुंडच्या एका सभासदाला आजीच्या देवघरातली राजा रविवर्म्यांच्या यशोदा-कृष्णाची ओलिओग्राफ (रंगीत शिळाछाप) न्यू जर्सीला मुलीकडे पाठवायची आहे. बिचारे कित्येक महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत आहेत. बोरिवली आणि अंधेरीहूनही हेच रडगाणे आले आहे, म्हणून या महिन्यात दुसरा विषय नाही.

कस्टमच्या ९७०२ क्रमांकात ‘मूळ’ शिळाछाप बसतो तो कलावंताने सर्वस्वी स्वतःच्या हाताने केलेल्या प्लेटवरून काढलेला. रविवर्म्यांच्या चित्रांचे दगड जर्मन कारागिरांनी केले, तेव्हा तिथे आपला माल म्हणजे नुसता छापील कागद. शेजारच्या टेबलावर १९७२चा पुरावस्तू कायदा. त्याच्या लेखी शंभर वर्षे झालेली कोणतीही कलाकृती किंवा कारागिरी ही पुरावस्तू. खासगी माणसाने ती देशाबाहेर नेली तर सहा महिने ते तीन वर्षे कैद. हजारोंनी छापलेला कागद असा सकाळी रद्दी आणि दुपारी राष्ट्रीय ठेवा होतो!

त्यात १९७९ साली रविवर्म्यांच्या चित्रांना कलानिधीचा दर्जा मिळाला. तेव्हापासून समासात ‘रविवर्मा प्रेस’ दिसले की साहेब दचकतात. राजे १९०६ साली वारले, छापखाना त्याआधीच तिथले जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे गेला होता आणि लोणावळ्याजवळच्या मालवलीत पुढे कित्येक दशके छपाई चालू होती, हे त्यांना कोणी सांगायचे? वयाचा पुरावा म्हणून आमच्या सभासदाकडे मूळ खरेदीची पावती मागितली गेली. पणजोबांनी भिंतीवर लावायच्या चित्राची पावती जपून ठेवायला हवी होती म्हणे. मालवलीला जाऊन विचारावे, तर कायदा झाला त्याच १९७२ साली तो छापखाना आगीत गेला.

उरतो पुरावा एकच, चित्राखालची बारीक ओळ. प्रेस १८९४ साली मुंबईत निघाला आणि प्लेगच्या दिवसांत मालवलीला हलला. रविवर्मा प्रेसच्या नावापुढे आपले घाटकोपर असेल तर छाप हलण्यापूर्वीचा, वाद संपला. ‘कार्ला-लोणावळा’ असेल तर कागद, रंगांचे ठिपके, पाठची बाजू हे सगळे तपासावे लागते.

आणि ही ओळ आपलेच लोक कापतात! तयार फ्रेममध्ये बसत नाही म्हणून समास छाटायचा, डाग दिसतो म्हणून लॅमिनेशन करायचे, चित्रावर लावलेल्या जरी-टिकल्या सुटल्या तर उपटून टाकायच्या. वर्षानुवर्षे सांगूनही ऐकत नाहीत. अशांनी अधिकाऱ्यांच्या अडाणीपणावर आम्हाला पत्रे लिहू नयेत.

पुरातत्त्व खात्याला निवेदन द्यायचे आहे. हजारोंनी छापलेल्या चित्रांसाठी वेगळा नियम करा आणि प्रेसची ओळ वयाचा पुरावा म्हणून माना, एवढेच मागायचे. त्यासाठी तुमच्याकडच्या प्रत्येक छापाचे पुढून, मागून आणि समासाच्या ओळीचे जवळून असे तीन फोटो महिनाअखेरपर्यंत पाठवा. देवादिकांचेच नकोत, आई-मुलांची, घरगुती प्रसंगांची चित्रे माळ्यावर पडली असतील तीही काढा. समास आधीच कापला असेल आणि पट्टी टाकली नसेल, तर ती पाकिटात घालून फ्रेमच्या मागे लावून ठेवा. डिंकाने चिकटवू नका.