सिव्हिल म्हणजे उरलेली शाखा नव्हे

दहावीनंतर काय, हा प्रश्न आपल्या शाळेत कोणी कोणाला विचारत नाही. उत्तर ठरलेले असते: एनडीए. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. एका परीक्षेत जागा सुमारे ४०० आणि अर्ज लाखांच्या घरात, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण मागे राहणार. मग? यावर आमच्या डॉर्ममध्ये दहापैकी नऊ जण 'कॉम्प्युटर' म्हणतात. मी 'सिव्हिल' म्हटले की विचारतात, "का रे, मार्क कमी पडतील असे वाटते का?"

या 'का रे'ला उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

माझे घर म्हैसूर जिल्ह्यात पिरियापट्टणला आहे. आम्ही मूळचे निपाणीचे. आजोबा तिथे बिडीच्या तंबाखूच्या वखारीत होते, बाबा इकडे व्हर्जिनिया तंबाखूच्या खरेदीत आहेत. त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. गावावरून म्हैसूर-मडिकेरी रस्ता जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत दरडी कोसळल्या आणि मडिकेरीपुढे मंगळूरकडे उतरणारा घाटरस्ता बंद पडला. मी तेव्हा लहान होतो. डोंगर पावसाने भिजला म्हणून पडला, एवढेच मला कळले होते.

माझा चुलतदादा बेळगावला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सुट्टीत त्याने सॉइल मेकॅनिक्सचे पुस्तक उघडून मला हे नीट समजावले. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांत पाणी दाटले की ते कणांना एकमेकांपासून ढकलते, त्यांची पकड सैल होते आणि उतार खाली येतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा कापलेला असेल तर आणखी लवकर. घाटातल्या दगडी भिंतींना ओळीने भोके असतात ना, ती मागचे पाणी निघून जावे म्हणून. ती बुजली की भिंतीला मातीबरोबर पाण्याचाही रेटा सोसावा लागतो. तेव्हापासून बस घाटात शिरली की मी भोके बघतो. (मित्र हसतात. हसू देत.)

आता आपल्या क्षेत्राकडे येतो. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये भूस्खलन झाले. पिरियापट्टण आणि वायनाड यांच्या मधे नागरहोळेचे जंगल आहे, इतके ते आम्हाला जवळ. चूरलमला इथला पूल वाहून गेला आणि पलीकडची माणसे अडकली. लष्कराच्या मद्रास इंजिनीअर ग्रुपने तिथे १९० फुटांचा बेली पूल उभारला आणि १ ऑगस्टला त्यावरून गाड्या जाऊ लागल्या. त्या कामावर होत्या मेजर सीता शेळके, आपल्या पारनेर तालुक्यातल्या. 'सिव्हिल मुलींचे क्षेत्र नाही' असे म्हणणाऱ्या काका-मामांना हे एक नाव पुरे आहे.

बेली पूल ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनीअरने तो शोधला. लोखंडाच्या दहा फुटी चौकटी, एक चौकट सहा जवान हातांनी उचलतात. त्या पिनांनी जोडायच्या आणि सगळा सांगाडा रोलरवरून पलीकडे सरकवायचा. क्रेन नाही, वेल्डिंग नाही. यात पीटी किती आणि गणित किती, हे आपल्या उस्तादांनीच ठरवावे.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे नाव आपण परमवीरचक्राच्या यादीत पाठ करतो. ते कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात काढले, म्हणून आपले रणगाडे पुढे जाऊ शकले. यादी पाठ करताना ते सॅपर होते हे मात्र कोणी सांगत नाही.

एनडीए ज्या खडकवासल्याच्या पाण्याकाठी उभी आहे, तिथेही हाच विषय आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, त्यामुळे भिंत न उंचावता जास्त पाणी साठू लागले. पुढे ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ साली आमच्याकडच्या कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. ते धरण चुना आणि विटांच्या भुकटीच्या सुरखीत बांधलेले आहे. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १२ जुलै १९६१ रोजी काम पुरते झालेले नसताना भरलेले पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुणे बुडाले. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बिघडला तर पुन्हा लिहिता येतो. इथे तशी सोय नाही, आणि मला हे काम मोठे वाटते ते यामुळेच.

बाबांचे म्हणणे वेगळे आहे. "उन्हात उभे राहायचे, ठेकेदाराची बोलणी खायची आणि पगार कॉम्प्युटरवाल्याच्या निम्मा." यात खोटे काही नाही. दादाचे सीनियर साइटवर आहेत, सुरुवातीचा पगार कमीच आहे. टक्केवारीचे बोलणेही आपण सगळे ऐकतो. पण उन्हात उभे राहायला आपण इथे रोजच शिकतो आहोत. आणि वाटा मोजल्या तर त्या कमी नाहीत. एनडीएचे दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होते. इंजिनीअरिंगची पदवी असेल तर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सने सत्ताविसाव्या वर्षापर्यंत आयएमए गाठता येते. यूपीएससीच्या इंजिनीअरिंग सेवा परीक्षेतून रेल्वे, जलआयोग, एमईएस आणि सीमा रस्ते संघटना आहेत. महाराष्ट्रात एमपीएससी आहे. वर्दी मिळाली नाही तरी वर्दीवाल्यांसाठी रस्ते आणि बराकी बांधता येतात.

बाबांनी अजून होकार दिलेला नाही. मी अकरावीला पीसीएम घेणार, एनडीएची तयारी करणार आणि नाही झाले तर सिव्हिलचा अर्ज भरणार, एवढे त्यांना सांगितले आहे. अर्जात पहिल्या पसंतीला काय लिहायचे यावर दिवाळीत पुन्हा वाद होईल.

शाळेला एक विनंती आहे. आपल्याकडे व्याख्यानाला पायदळाचे आणि हवाई दलाचे अधिकारी येतात, पण सॅपर मी अजून पाहिलेला नाही. आपल्या पालकांपैकी जे सॅपर्समध्ये, एमईएसमध्ये किंवा सीमा रस्त्यांवर आहेत, त्यांनी सुट्टीवर आले असताना एखाद्या रविवारी तासभर आमच्यासाठी यावे. फळा आणि खडू आम्ही तयार ठेवू.